आकाशातील घड्याळाचा काटा

स्मरणिकेसाठी लेख द्या, पण या वेळी बँकेच्या कर्जयोजनांविषयी नको, असे संपादक मंडळाने आम्हाला आधीच बजावले होते. आम्ही पडलो कला शाखेचे पदवीधर, त्यात दिवसभर काउंटरवर बसून पासबुके आणि चेक सांभाळणारे कारकून. तेव्हा खगोलशास्त्रावर आम्ही लेखणी चालवावी हे काहींना आश्चर्याचे वाटेल. परंतु त्यामागे एक कारण घडले, ते आधी सांगतो.

आमच्या वसाहतीतील एक मुलगा व्यापारी जहाजावर डेक कॅडेट म्हणून लागला आहे. गेल्या उन्हाळ्यात तो सुट्टीवर आला तेव्हा आम्ही त्याच्या घरी भेटीस गेलो. बोलता बोलता तो म्हणाला, "काका, एका आखातात आमच्या जीपीएसने जहाज चक्क जमिनीवर उभे दाखवले. कोणीतरी खोटे सिग्नल सोडत होते." आम्ही हसलो. पण दाराशी तांदूळ निवडत बसलेल्या त्याच्या आईचा हात थांबला. त्या म्हणाल्या, "मग बाळा, तुम्ही कुठं आहात ते तुम्हाला कळतं कसं?"

मुलाने उत्तर दिले, "ताऱ्यांवरून, आई." आईचे समाधान झाले नाही आणि खरे सांगायचे तर आमचेही झाले नाही. त्यानंतर आम्ही ग्रंथालयातून पुस्तके आणली, त्या मुलाला प्रश्न विचारून भंडावून सोडले, आणि जे समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. यात विशेषेकरून एका जुन्या रीतीची माहिती आहे : चंद्र आणि तारा यांच्यातील अंतर मोजून स्वतःचे ठिकाण शोधणे.

अक्षांश सोपा, रेखांश अवघड

पृथ्वीवरील कोणतेही ठिकाण दोन आकड्यांनी सांगता येते हे आपण शाळेत शिकलो आहोत. विषुववृत्तापासून उत्तरेस किंवा दक्षिणेस किती, तो अक्षांश. ग्रीनिचपासून पूर्वेस किंवा पश्चिमेस किती, तो रेखांश.

अक्षांश काढणे फारसे कठीण नाही. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, जवळजवळ तितकाच आपला अक्षांश. मुंबईत तो सुमारे १९ अंश वर दिसतो, पणजीत साधारण साडेपंधरा अंश. दुपारी सूर्य माथ्याजवळ आला की त्याच्या उंचीवरूनही हा हिशेब होतो.

रेखांशाचे मात्र तसे नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे पूर्व-पश्चिम दिशेला ध्रुवताऱ्यासारखी स्थिर खूणच नाही. जो तारा आता मुंबईच्या माथ्यावर आहे, तो काही तासांनी अरबस्तानच्या माथ्यावर येतो. म्हणजे रेखांशाचा प्रश्न हा मुळात वेळेचा प्रश्न आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एका तासात १५ अंश, आणि एक अंश फिरायला ४ मिनिटे.

आपल्याच घरचे उदाहरण घ्या. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला या रेखांशावरची आहे. (एका अंशाच्या साठाव्या भागास कला म्हणतात.) मुंबईचा रेखांश सुमारे ७२ अंश ५० कला. फरक ९ अंश ४० कला. त्याला चाराने गुणले की सुमारे ३९ मिनिटे येतात. म्हणून सूर्याच्या हिशेबाने मुंबईची खरी वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असते. देशाची प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली, तरी त्यानंतरही बरीच वर्षे मुंबईने आपली ही वेगळी वेळ धरून ठेवली होती.

आता जहाजावर चला. जहाजावरची स्थानिक वेळ सूर्याच्या किंवा ताऱ्याच्या उंचीवरून काढता येते. त्याच क्षणी ग्रीनिच येथे किती वाजले आहेत हे कळले, तर दोन वेळांतला फरक म्हणजेच रेखांश. सगळी अडचण या "कळले तर" मध्ये आहे. जुन्या काळी रेडिओ नव्हता. लंबकाचे घड्याळ हेलकावणाऱ्या जहाजावर बिघडून जाई, आणि थंडी-उन्हाने त्याची चाल बदले. मग ग्रीनिचची वेळ भर समुद्रात कोणी सांगायची?

चुकीची किंमत

ही केवळ पंडितांची चर्चा नव्हती. २२ ऑक्टोबर १७०७ च्या रात्री इंग्लंडचे एक आरमार भूमध्य समुद्राकडून परतत असताना सिली बेटांच्या खडकांवर आदळले. ॲडमिरल क्लाउड्सली शोव्हेल यांच्यासह चार जहाजे बुडाली आणि चौदाशे ते दोन हजार माणसे मेली असे सांगतात. आपण कोठे आहोत याविषयी त्यांची समजूत चुकली होती. नंतरच्या अभ्यासकांच्या मते त्यात केवळ रेखांशाचाच नव्हे, तर अक्षांशाचा आणि सदोष नकाशांचाही दोष होता. परंतु या दुर्घटनेची आठवण लोकांच्या मनातून गेली नाही. १७१४ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून बक्षीस जाहीर केले : अर्ध्या अंशाच्या आत रेखांश काढण्याची रीत देणाऱ्यास २०,००० पौंड. त्या काळी ही अवाढव्य रक्कम होती.

चंद्र हा काटा, तारे हे आकडे

येथे चंद्र मदतीला येतो. तारे एकमेकांच्या संदर्भात जागचे हलत नाहीत. चंद्र मात्र त्यांच्यामधून पूर्वेकडे सरकतो आणि सुमारे २७ दिवस ८ तासांत आकाशाची एक फेरी पूर्ण करतो. आपल्याकडे २७ नक्षत्रे मानली गेली ती यामुळेच. चंद्र रोज साधारण एक नक्षत्र ओलांडतो. हिशेब केला तर चंद्र तासाला सुमारे अर्धा अंश सरकतो, म्हणजे जवळपास स्वतःच्या बिंबाइतका. आज रात्री चंद्राजवळ एखादा ठळक तारा पाहून ठेवा आणि दोन-तीन तासांनी पुन्हा पाहा. फरक नुसत्या डोळ्यांना दिसेल.

म्हणजे आकाश ही घड्याळाची तबकडी, तारे हे तिच्यावरचे आकडे आणि चंद्र हा काटा. हे घड्याळ सगळ्या पृथ्वीसाठी एकच आहे. चंद्र एखाद्या ताऱ्यापासून अमुक अंतरावर असताना ग्रीनिचमध्ये किती वाजलेले असतील याचा तक्ता आधी करून ठेवला, तर समुद्रातला माणूस ते अंतर मोजून ग्रीनिचची वेळ वाचू शकतो. चंद्रावरून लोक आपले नशीब वाचू पाहतात. नशीब काही त्यात सापडत नाही, पण आपले ठिकाण मात्र सापडते.

ही कल्पना न्यूरेंबर्गच्या योहानेस वेर्नर याने १५१४ सालीच मांडली होती. पण कल्पना आणि वापर यांत अडीचशे वर्षे गेली. कारण दोन गोष्टी हव्या होत्या : अंतर अचूक मोजणारे साधन आणि चंद्राच्या गतीचा अचूक तक्ता. चंद्राला पृथ्वी ओढते तसा सूर्यही ओढतो, त्यामुळे त्याची चाल कधी जलद, कधी मंद. न्यूटनसारख्यालाही तिने जेरीस आणले. ग्रीनिचची वेधशाळा १६७५ साली उभी राहिली, तीसुद्धा तारे आणि चंद्र यांची स्थाने नीट नोंदवून रेखांशाचा प्रश्न सोडवावा, याच हेतूने.

साधन आले ते १७३० च्या सुमारास. इंग्लंडमध्ये जॉन हॅडली आणि अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे थॉमस गॉडफ्रे यांनी, एकमेकांना ठाऊक नसताना, दोन आरशांचे कोनमापक यंत्र बनवले. यातला गॉडफ्रे व्यवसायाने खिडक्यांना काचा बसवणारा कारागीर होता. या यंत्रात एका वेळी दोन वस्तू दिसतात आणि आरसा फिरवून एकीची प्रतिमा दुसरीला टेकवता येते. जहाज हलले तरी दोन्ही प्रतिमा एकत्र हलतात, म्हणून माप बिघडत नाही. त्याचेच सुधारलेले रूप म्हणजे आजचा सेक्स्टंट.

तक्ता दिला तो जर्मनीतील टोबियास मायर याने. गरीब घरात वाढलेल्या आणि गणित स्वतःच्या बळावर शिकलेल्या या माणसाने चंद्राची स्थाने सुमारे एका कलेच्या अचूकतेने सांगणारे तक्ते बनवले. तो १७६२ साली अवघ्या ३९ व्या वर्षी वारला. १७६५ साली त्याच्या विधवेला ३,००० पौंड देण्यात आले.

प्रत्यक्ष रीत

पुढे ग्रीनिचचे राज-खगोलज्ञ नेव्हिल मॅस्केलिन यांनी १७६७ या वर्षापासूनचे नाविक पंचांग काढले. त्यात सूर्यापासून आणि नऊ ठळक ताऱ्यांपासून चंद्राचे अंतर, ग्रीनिचच्या दर तीन तासांना, वर्षभरासाठी छापलेले असे. त्या नवांत आपल्या ओळखीचे रोहिणी, मघा, चित्रा, ज्येष्ठा आणि श्रवण हे तारे होते. ते घेऊन खलाशी पुढीलप्रमाणे काम करीत.

पहिली पायरी : सेक्स्टंटने चंद्राच्या प्रकाशित कडेपासून ताऱ्यापर्यंतचा कोन मोजायचा. त्याच वेळी चंद्राची आणि ताऱ्याची क्षितिजापासूनची उंचीही घ्यायची. शक्य असेल तर तीन माणसे तीन मापे घेत आणि चौथा घड्याळाकडे पाहून नोंद करी.

दुसरी पायरी : कडेपासूनच्या अंतरात चंद्राच्या अर्ध्या बिंबाची, म्हणजे सुमारे साडेपंधरा कलांची, भर घालायची किंवा वजाबाकी करायची, म्हणजे चंद्राच्या मध्यापासूनचे अंतर मिळते.

तिसरी पायरी सर्वांत किचकट. तिला अंतर "स्वच्छ करणे" म्हणत. हवेमुळे प्रकाश वाकतो आणि तारे आहेत त्यापेक्षा वर दिसतात. क्षितिजाजवळ हा फरक सुमारे ३४ कला, तर अर्ध्या आकाशात जेमतेम एक कला असतो. चंद्राच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. डोळ्यांपुढे अंगठा धरून आधी एक, मग दुसरा डोळा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसेल. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर, म्हणजे ताऱ्यांच्या मानाने अगदी जवळ आहे. त्यामुळे पृथ्वीच्या वेगवेगळ्या जागांवरून तो ताऱ्यांमध्ये थोडा वेगळ्या जागी दिसतो. याला पराशय म्हणतात आणि चंद्र क्षितिजाजवळ असताना तो जवळपास एक अंश भरतो. पंचांगातले आकडे पृथ्वीच्या केंद्रावरून पाहिल्यासारखे असतात. म्हणून या दोन्ही गोष्टींचा हिशेब उंचीवरून करून मोजलेले अंतर दुरुस्त करावे लागे. सुरुवातीला यात चार-चार तास जात. पुढे तयार कोष्टके आल्यावर काम अर्ध्या तासावर आले.

चौथी पायरी : दुरुस्त अंतर पंचांगातील दोन आकड्यांच्या मध्ये कोठे बसते ते पाहून ग्रीनिचची वेळ काढायची.

पाचवी पायरी : स्थानिक वेळ आणि ग्रीनिचची वेळ यांतील फरकाला १५ ने गुणायचे. झाला रेखांश.

एक हिशेब करून पाहू

आकडे काल्पनिक घेऊ. फेब्रुवारीतील सायंकाळ आहे, जहाज अरबी समुद्रात मुंबईच्याच अक्षांशावर आहे. क्षितिज अजून दिसते आहे आणि रोहिणी उगवून वर आलेली आहे. पंचांग सांगते की ग्रीनिचला दुपारी १२ वाजता चंद्र रोहिणीपासून ४५ अंश २० कला, आणि ३ वाजता ४६ अंश ५६ कला असेल. म्हणजे तीन तासांत ९६ कला, तासाला ३२ कला.

आपले दुरुस्त केलेले अंतर आले ४६ अंश १६ कला. बारा वाजताच्या आकड्यापेक्षा हे ५६ कलांनी जास्त. तासाला ३२ कला, तर ५६ कलांना पावणेदोन तास. म्हणजे ग्रीनिचला दुपारचे १ वाजून ४५ मिनिटे झाली आहेत. जहाजावरची स्थानिक वेळ आहे सायंकाळचे ६ वाजून ३३ मिनिटे. फरक ४ तास ४८ मिनिटे. पंधराने गुणले की ७२ अंश. आपण ७२ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे मुंबईच्या पश्चिमेस ८८ किलोमीटरच्या आसपास आहोत.

आता चुकीचा हिशेब पाहा. अंतर मोजताना एका कलेची चूक झाली, तर वेळेत जवळपास दोन मिनिटांची आणि रेखांशात सुमारे २८ कलांची चूक होते. या अक्षांशावर ती ५० किलोमीटरच्या घरात जाते. एक कला म्हणजे चंद्रबिंबाचा सुमारे एकतिसावा भाग! तरीही याच रीतीने कॅप्टन कुक याने १७६९-७० साली, बरोबर क्रोनोमीटर नसताना, न्यूझीलंडच्या किनाऱ्याचा नकाशा केला.

पडद्यामागचे कारकून

एका कलेची ही किंमत वाचल्यावर आमच्यातला बँक कारकून जागा झाला. पंचांगातील हजारो आकडे काढले कोणी? यंत्रे तर नव्हती. मॅस्केलिन यांनी इंग्लंडच्या गावोगावी राहणाऱ्या माणसांना हे काम टपालाने दिले होते. शाळामास्तर, जमिनीची मोजणी करणारे, अशी साधी माणसे घरी बसून लॉगॅरिथमची कोष्टके घेऊन आकडे काढीत. एकाच महिन्याचे काम दोघांकडे जाई आणि तिसरा ते ताडून पाही. आमच्या बँकेत आजही नोंद करणारा एक आणि ती तपासून पास करणारा दुसरा लागतो; तत्त्व तेच. एकदा दोघे गणनाकार परस्परांचे आकडे पाहून घेतात असे उघडकीस आले, तेव्हा दोघांनाही कामावरून कमी केले. वरवर पाहता कडक वाटेल. पण दोघांची चूक सारखीच असेल तर तपासणारा ती पकडणार कशी? आणि ती चूक छापली गेली तर एखादे जहाज खडकावर जाणार.

या गणनाकारांमध्ये मेरी एडवर्ड्स ही एक बाई होती. लडलो या गावी ती राही. काम तिच्या पतीच्या नावावर होते आणि मोबदलाही त्याच्याच नावे येई. १७८४ साली पती वारला तेव्हा तिने काम आपल्याकडेच ठेवावे अशी विनंती केली, आणि इतकी वर्षे हे आकडे मुख्यतः तीच काढत होती हे समोर आले. काम तिच्याकडे राहिले. १८१५ साली ती वारली, त्यानंतर तिची मुलगी इलायझा हिने ते पुढे चालवले. १८३२ च्या सुमारास हे सर्व काम लंडनच्या सरकारी कचेरीत गेले. तेथे स्त्रियांना नोकरी नव्हती, म्हणून तेही थांबले. मायलेकींच्या आकड्यांवर विसंबून किती जहाजे सुखरूप किनाऱ्याला लागली असतील, त्यांची मोजदाद कोणत्याही वहीत नाही.

घड्याळ जिंकले, चंद्र उरला

दरम्यान जॉन हॅरिसन या सुतारकाम करणाऱ्या माणसाने समुद्रावर न बिघडणारे घड्याळ करून दाखवले. १७६१-६२ साली जमैकाच्या सफरीत त्याची चाचणी झाली. बक्षिसासाठी मात्र त्याला फार झगडावे लागले. शेवटची मोठी रक्कम १७७३ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी हाती पडली. असे घड्याळ सुरुवातीला फार महाग असल्यामुळे कित्येक वर्षे चंद्राची रीतच सामान्य खलाशाच्या आवाक्यातली होती, आणि क्रोनोमीटर असले तरी त्याची चूक पकडायला चंद्रच लागे. बंदरात आल्यावर घड्याळ जुळवण्यासाठी वेधशाळेची वेळ लागे. १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईला कुलाब्याची वेधशाळा बांधली, तिच्या कामांत जहाजांसाठी वेळ राखणे हेही एक होते.

घड्याळे स्वस्त झाली तशी ही रीत मागे पडली. १९०६ नंतर नाविक पंचांगात चंद्राची अंतरे छापणे बंद झाले. १८९५ ते १८९८ या काळात एकट्याने जगप्रदक्षिणा करणारा जोशुआ स्लोकम हा तिचा शेवटच्या जाणकारांपैकी एक. त्याच्याजवळ एक डॉलरचे पत्र्याचे घड्याळ होते. पॅसिफिक महासागरात त्याने चंद्रावरून ठिकाण काढले, ते अंदाजापेक्षा शेकडो मैल दूर आले. त्याने मुकाट्याने ते मानले नाही. कोष्टके तपासली आणि छापील आकड्यातच चूक सापडली. छापलेले आहे म्हणून खरे मानायचे नाही, हा धडा आम्हाला फार मोलाचा वाटला.

आज जहाजावर अचूक घड्याळ असतेच, त्यामुळे जीपीएस बंद पडले तर खलाशी सूर्य आणि तारे यांच्या उंचीवरून ठिकाण काढतात. चंद्राच्या अंतराची गरज घड्याळावरचाही विश्वास उडाला तरच. पण असे प्रसंग कल्पनेतले नाहीत. २०१७ साली काळ्या समुद्रात वीसहून अधिक जहाजांच्या जीपीएसने ती विमानतळावर असल्याचे दाखवले होते. अमेरिकी नौदलाच्या अकादमीने बंद केलेले ताऱ्यांवरून मार्ग काढण्याचे शिक्षण २०१५ साली पुन्हा सुरू केले. चंद्राला खोटा सिग्नल कोणी शिकवू शकत नाही.

शेवटी आमची फजिती सांगतो. त्या मुलाच्या सुट्टीतल्या एका रात्री आम्ही कंपासपेटीतील कोनमापक आणि दोन पट्ट्या घेऊन वसाहतीच्या गच्चीवर चंद्राचे अंतर मोजले. दुरुस्त्या त्याने करून दिल्या. आमचे अंतर एका अंशाने जास्त आले. त्या एका अंशाने आम्हाला २८ अंश पश्चिमेला नेले, म्हणजे थेट अरबस्तानच्या वाळवंटात! मुलाची आई पदर तोंडाला लावून हसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही बँकच सांभाळा."

मुलगा आता पुन्हा समुद्रावर आहे. परवा त्या माऊलीने विचारले, "आज जो चंद्र आपल्याला दिसतो, तोच त्यालाही दिसत असेल का हो?" आम्ही सांगितले, तोच दिसतो, आणि थोडासा पराशय सोडला तर या घटकेला तो रोहिणीपासून जितका दूर आपल्याला दिसतो, तितकाच त्यालाही. सगळी रीत याच एका गोष्टीवर उभी आहे. त्यांनी मान डोलावली आणि बराच वेळ वर पाहत उभ्या राहिल्या.

आमच्या तरुण वाचकांनी ही रीत एकदा तरी करून पाहावी. वाळवंटात पोहोचलात तरी हरकत नाही. चूक कोठे झाली ते शोधून पुन्हा मोजा.